स्मार्ट बोर्डाआधी खिडकी

गावच्या शाळेला तुम्ही शेवटची देणगी कशासाठी दिली, आठवतंय? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं उत्तर कॉम्प्युटर, टॅब, प्रोजेक्टर नाहीतर स्मार्ट बोर्ड यांपैकी एक असतं. माझंही तेच. दोन वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं, की सोलापूरकडच्या आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला काहीतरी 'आधुनिक' द्यायचं. दुबईवाल्यांनी पैसे दिले, न्यू जर्सीवाल्यांनी दिले, इंग्लंडातून मी दिले. मतदान झालं. कमान बांधावी या सूचनेला तीन मतं पडली, बाकी सगळी स्मार्ट बोर्डाला. माझंही मत बोर्डालाच होतं. फीत कापली गेली, फोटो आले, आम्ही अंगठे दाखवले.

मी इथे इमारतींच्या वायुवीजनाचं काम करतो. खोलीत हवा कुठून येते, कुठून जाते, किती जाते, याचे हिशोब करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरीही त्या दिवशी मला विचारावंसं वाटलं नाही, की हा बोर्ड ज्या खोलीत बसणार आहे ती खोली कशी आहे. म्हणून हा लेख तुम्हाला उपदेश करायला लिहीत नाहीये. माझी चूक तुमच्या हातून होऊ नये एवढंच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी चुलतभावाच्या लग्नाला गेलो तेव्हा शाळेत डोकावलो. बॅगेत सवयीने एक छोटा मीटर होता, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दाखवणारा. दुपारचे अडीच वाजले होते. वर पत्रा, दोन्ही बाजूंना चांगल्या मोठ्या खिडक्या, आणि सगळ्या खिडक्या बंद. वर गडद निळे पडदे. पंखे गरगरत होते आणि चाळीसेक मुलं त्या अंधाऱ्या खोलीत बोर्डावरचा सूर्यमालेचा व्हिडिओ बघत होती. मागच्या दोन रांगा पेंगत होत्या. मीटरचा आकडा दोन हजारांच्या पुढे गेलेला, तापमान ३६. मी शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, खिडक्या का बंद? त्या म्हणाल्या, "सर, खिडकी उघडली की बोर्डावर काही दिसत नाही, आणि बंद केली की पोरं झोपतात. आता तुम्हीच सांगा, काय करू?"

मला सांगता आलं नाही. आम्ही दिलेल्या वस्तूने त्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या होत्या.

आता थोडं गणित करू. वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरा. म्हणजे १४४ घनमीटर हवा. शांत बसलेलं दहा-अकरा वर्षांचं मूल तासाला साधारण १० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. चाळीस मुलं म्हणजे ४०० लिटर. खोलीत एकूण १,४४,००० लिटर हवा. भागाकार केला तर तासाला सुमारे २,८०० पीपीएमची वाढ, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत २,८०० भाग. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सध्या ४२० पीपीएमच्या आसपास आहे. खोली पूर्ण बंद असेल तर चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत आकडा २,२०० ओलांडतो. माझ्या मीटरने काही चमत्कार दाखवला नव्हता, तो फक्त भागाकार करत होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण व्हॉट्सॲपवर याबद्दल काहीबाही फिरत असतं. दोन हजार पीपीएम कार्बन डायऑक्साइड हे विष नव्हे. हा वायू इथे खबऱ्याचं काम करतो. तो साचला म्हणजे ताजी हवा येत नाहीये, आणि मग शरीरातून निघणारी उष्णता, घामाचा दमटपणा, वास, खोकल्यातले जंतू हे सगळंही तिथेच साचतंय. बसलेलं एक मूल साधारण ७०-८० वॉट उष्णता बाहेर टाकतं. चाळीस मुलं म्हणजे एक-एक किलोवॉटचे तीन हीटर! थंडीत इंग्लंडातल्या वर्गाला हे चालून जातं. सोलापुरात फेब्रुवारीत चालत नाही.

याचा शिकण्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. डेन्मार्कमध्ये पावेल वारगोत्स्की आणि डेव्हिड वायन या दोघांनी शाळेच्या चालू वर्गांतच प्रयोग केले. मुलांना न सांगता ताज्या हवेचा पुरवठा सुमारे दुप्पट केला आणि त्यांच्या रोजच्या वाचन-गणिताच्या कामात फरक पडतो का ते पाहिलं. कामाचा वेग वाढला. चुकांचं प्रमाण मात्र फारसं बदललं नाही. मला हा निष्कर्ष त्याच्या या मर्यादेमुळेच खरा वाटतो. उष्णतेबद्दल अमेरिकेतला २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. जिसंग पार्क आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पीएसएटी परीक्षेला बसलेल्या सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण त्या त्या गावच्या हवामानाशी ताडून पाहिले. ज्या शाळांत एसी नव्हता तिथे शाळेचं वर्ष एक अंश फॅरनहाइटने जास्त गरम गेलं, की त्या वर्षीचं शिकणं सुमारे एक टक्क्याने कमी भरलं. एसी असलेल्या शाळांत हा परिणाम जवळजवळ पुसला गेला. एक अंश फॅरनहाइट म्हणजे आपल्या सेल्सियसचा जेमतेम अर्धा अंश.

मग शाळेला एसी द्यावा का? आमच्या ग्रुपवर ही सूचना लगेच आली. पण शाळेचं वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आपण एकदा पैसे देऊन मोकळे होतो, बिल दर महिन्याला येतं. ते मुख्याध्यापकांच्या डोक्यावर बसतं.

मला इथे एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो आपल्यासारखाच, गाव सोडून परदेशी गेलेला. फ्रान्सिस केरे हा पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांडो नावाच्या खेड्यात जन्मला. गावातून शाळेत गेलेला हा पहिला मुलगा. शाळा दुसऱ्या गावी, वर्ग अंधारा, दाटीवाटीचा आणि भट्टीसारखा तापलेला. पुढे सुतारकाम शिकण्याच्या शिष्यवृत्तीवर तो जर्मनीला गेला आणि बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला लागला. विद्यार्थी असतानाच त्याने बर्लिनमध्ये संस्था काढून पैसे जमवले आणि २००१ साली गांडोत तीन वर्गांची शाळा उभी केली. वाचकहो, ही गोष्ट थेट आपलीच आहे की नाही?

त्याने काय बांधलं ते नीट बघण्यासारखं आहे. भिंती मातीच्या दाबून केलेल्या विटांच्या, मातीत थोडं सिमेंट मिसळलेलं. वर्गाच्या डोक्यावर विटांचंच छत, त्यात हवा जायला फटी. आणि त्या छताच्या वर, मध्ये चांगली मोकळी जागा सोडून, पत्रा. पत्रा वाईट नाही, तो डोक्याला लागून असणं वाईट. उन्हात पत्रा पन्नास-साठ अंशांपर्यंत सहज तापतो आणि खालच्या मुलांवर उष्णता फेकत राहतो. पंखा त्यावर फारसा उपाय नाही. तो हवा हलवतो, पत्र्याची धग अडवत नाही. केरेच्या शाळेत पत्र्याची धग छतावर पडते, मुलांवर नाही. मधल्या जागेतली हवा तापून बाजूंनी निघून जाते आणि तिच्या जागी खिडक्यांतून, छताच्या फटींतून खालची हवा वर ओढली जाते. विजेशिवाय, बिलाशिवाय. या शाळेला २००४ साली आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये केरेला प्रित्झ्कर पारितोषिक, वास्तुशास्त्रातला सर्वांत मोठा सन्मान.

गावकऱ्यांना मात्र मातीची शाळा नको होती, हेही सांगायला हवं. जर्मनीत शिकलेल्या पोराने काचेची आणि काँक्रीटची इमारत आणायची सोडून माती काय आणली, असं त्यांना वाटलं. 'आधुनिक' म्हणजे काय याची आमच्या ग्रुपची कल्पना आणि गांडोच्या गावकऱ्यांची कल्पना एकच होती. फरक इतकाच, की केरे ऐकून गप्प बसला नाही.

आता लगेच मातीच्या विटा पाडायला निघू नका. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्यांच्या वजनाखाली. कोकणातल्या पावसात उघडी मातीची भिंत किती टिकेल ते कोकणातल्या माणसाला विचारा. केरेकडून घ्यायची ती रीत: खोलीला नेमका त्रास कशाचा आहे ते आधी शोधायचं आणि गावात मिळणाऱ्या साहित्याने, गावातल्या गवंड्याच्या हाताने तो दूर करायचा. आपल्याकडच्या जुन्या शाळांत यातलं बरंच होतं. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, पुढे पडवी असायची म्हणून भिंतीवर थेट ऊन पडत नसे, आणि समोरासमोर खिडक्या असत. मग कौलं फुटतात, माकडं नाचतात म्हणून पत्रा आला. देखभालीच्या दृष्टीने ते चुकीचं नव्हतं. पण कौलांबरोबर जे गेलं त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

हवेनंतर आवाज. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही, म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नव्या बांधलेल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात कुणाचंच बोलणं कळेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर वक्ता पुढचं वाक्य बोलून गेलेला. वॉलेस सेबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला सांगितलं गेलं, बघ काय करता येतं ते. त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक वाढवत घुमणं मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या असा उद्योग कितीतरी रात्री केला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. आणि शोषण मोजायचं त्याचं एकक काय होतं माहीत आहे? उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शंभर टक्के शोषण.

आता आपला तोच वर्ग घ्या. प्लास्टरच्या भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा. यांतलं काहीच आवाज पीत नाही. ढोबळ हिशोबाने खोली रिकामी असताना आवाज चारेक सेकंद घुमतो. चाळीस मुलं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज पितात, घुमणं सव्वा सेकंदावर येतं. चार खिडक्या आणि दार उघडलं की पाऊण ते एक सेकंदाच्या मध्ये. छताला आवाज पिणारे तक्ते लावले तर अर्ध्या सेकंदाखाली. अमेरिकेत वर्गखोल्यांसाठी जे मानक आहे त्यात साधारण या आकाराच्या खोलीला ०.६ सेकंदाची मर्यादा आहे. म्हणजे पडदे ओढून खिडक्या बंद केल्या तेव्हा आम्ही मुलांचा श्वासच नाही, कानही थोडे बंद केले. (पडदे काही आवाज पितात खरे, पण ते पातळ कापडाचे होते. आणि जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शिक्षक फळ्याला टेकून पाऊस थांबायची वाट बघतात, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. ती सुट्टी तेव्हा आवडायची.)

घुमण्याने नेमकं काय बिघडतं? स्वर मोठे आणि लांब असतात, व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. मागच्या स्वराचा घुमारा पुढच्या व्यंजनावर पडतो आणि ते झाकलं जातं. मोठी माणसं अंदाजाने शब्द पूर्ण करतात, कारण शब्द त्यांच्या ओळखीचे असतात. मुलांना ते जमत नाही, आणि जी भाषा अजून शिकायची आहे त्या भाषेत तर मुळीच जमत नाही. इथे परदेशात आपल्या रविवारच्या मराठी शाळा भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. उंच छत, लाकडी जमीन, एका कोपऱ्यात बालवर्ग, दुसऱ्या कोपऱ्यात तिसरीचा वर्ग. 'ट' आणि 'ठ' मधला फरक हवेच्या एका झोताचा. तो झोत त्या हॉलमध्ये मागच्या मुलापर्यंत पोचतच नाही, आणि आपण म्हणतो, इथल्या मुलांना उच्चार जमत नाहीत. पुढच्या रविवारी जाड सतरंज्या घेऊन जा, मुलांना बाईंच्या जवळ अर्धवर्तुळात बसवा आणि फरक ऐका.

बाहेरून येणाऱ्या आवाजाबद्दल न्यूयॉर्कमधली एक जुनी, सुंदर नोंद आहे. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एका शाळेच्या एका बाजूने उंचावरची रेल्वे जायची, दर काही मिनिटांनी. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली दाखवलं, की रुळांकडच्या वर्गांतली सहावीची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ एक वर्ष मागे होती. शाळा तीच, अभ्यासक्रम तोच. मग रुळांखाली रबराचे तुकडे बसवले गेले, वर्गांना आवाज पिणारी छतं लागली, आणि १९८१ च्या पाहणीत हा फरक नाहीसा झाला होता. वरच्या सगळ्या अभ्यासांतला हा माझा सगळ्यात आवडता, कारण यात दुखणं आणि औषध दोन्ही एकाच इमारतीत दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, इमारतीत एवढंच असतं का? रंग, चित्रं, फर्निचर? इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाच्या पीटर बॅरेट यांच्या गटाने २७ प्राथमिक शाळांतले १५३ वर्ग आणि ३,७६६ मुलं घेऊन हे तपासलं. २०१५ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतल्या फरकाचा १६ टक्के भाग वर्गखोलीच्या गुणांशी जोडता येतो, आणि त्यातला निम्मा वाटा प्रकाश, तापमान आणि हवा यांचा. हा संख्याशास्त्रीय संबंध आहे, प्रयोगाने सिद्ध केलेलं कारण नव्हे, तेव्हा १६ हा आकडा कुठे कोरून ठेवू नका. पण त्यातलं दुसरं निरीक्षण मला जास्त उपयोगाचं वाटतं: संपूर्ण शाळेचा आकार किंवा तिथल्या खास सोयी यांचा प्रभाव मूल ज्या खोलीत दिवसभर बसतं त्या खोलीपुढे फिका होता. कमानीला मत देणारे आमचे तीन मित्र हे वाचत असतील अशी आशा.

भिंतींवरच्या चित्रांबद्दलही थोडं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या 'बोलक्या भिंती' मला आवडतात. ज्या घरात पुस्तक नाही त्या मुलाला ती बाराखडी दिवसभर दिसते. पण कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ मध्ये बालवाडीच्या मुलांना एकदा सजवलेल्या आणि एकदा मोकळ्या भिंतींच्या खोलीत विज्ञानाचे धडे देऊन पाहिले. मोकळ्या खोलीत त्यांची ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीत ४२ टक्के. माझं मत असं, की पडवीच्या, मागच्या, बाहेरच्या भिंतींना खुशाल बोलू द्या. फळ्याची भिंत तेवढी गप्प असू द्या.

तेव्हा देणगीचा विषय पुन्हा निघेल, आणि दिवाळीनंतर तो निघतोच, तेव्हा काय करायचं? मुलींसाठी दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर सगळे पैसे तिकडे, बाकी चर्चाच नको. ते असेल तर पत्र्याखाली, हवेची जागा सोडून छत घालता येईल. पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग देता येईल, त्याला दोन माणसं आणि एक सुट्टीचा दिवस लागतो. बंद पडलेल्या खिडक्यांच्या बिजागऱ्या आणि जाळ्या दुरुस्त करता येतील. खिडकीवर छज्जा टाकला तर थेट ऊन अडतं, उजेड येत राहतो, आणि बोर्ड खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून हलवून आडव्या भिंतीवर नेला तर पडदे निम्मे तरी उघडता येतात. यातल्या एकाही कामाचा फोटो चांगला येत नाही, हे मी आधीच मान्य करतो. मात्र भिंतीला नवी खिडकी पाडायची असेल तर इंजिनिअरला आणि जिल्हा परिषदेला विचारल्याशिवाय छिन्नीला हात लावू नका. भार कुठली भिंत घेते ते आपल्याला लंडनमधून दिसत नाही.

आणि आपण गावी कधी जातो? डिसेंबर-जानेवारीत. मुलांच्या सुट्ट्या असतात, हवा छान असते, शाळेच्या पटांगणात स्वेटर घालून आपला सत्कार होतो. ज्या खोलीसाठी आपण पैसे देतो ती मार्चमध्ये दुपारी अडीचला कशी असते, हे आपल्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. मीही त्या दिवशी लग्न होतं म्हणून पाहिलं.

म्हणून यंदा आमच्या ग्रुपने अजून काहीच विकत घेतलेलं नाही. एक मीटर मॅडमकडे ठेवून आलो होतो. मार्चभर त्यांनी रोज दुपारी वहीत दोन आकडे लिहिले, समोर शेरा. "आज पडदे काढले, मुलं जागी" असा एक शेरा आहे. दुसरा, "आज लाईट नाही, बाहेर कडुलिंबाखाली बसलो." गवंडी आणि पत्रेवाला दोघांना ती वही दाखवून अंदाजपत्रक मागवलं आहे. माझ्याकडे असे आणखी तीन मीटर पडून आहेत. तुमच्या गावच्या शाळेत वही लिहायला तयार असलेले एखादे गुरुजी किंवा बाई असतील तर कळवा, फेब्रुवारीच्या आत पोचेल असं पाठवतो.